टायटॅनिक, ईटन प्लेस आणि दागिन्यांची पेटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गिरगावातल्या चाळीतल्या एका कुटुंबावर तुम्ही मालिका लिहिताय. काळ 1940 ते 1960. थोरला मुलगा 17 जुलै 1947ला ‘रामदास’ बोटीनं अलिबागजवळच्या रेवसला निघतो आणि बोट बुडते. बुडण्याचा प्रसंग किती एपिसोड चालवावा, आणि खरी घडलेली दुर्घटना खोट्या कुटुंबात बेमालूम कशी विणावी, असं तुम्ही विचारलंय. जुन्या मालिकांनी हे कसं केलं, हेही.

पहिल्या भागाचं उत्तर एका शब्दात देते. शून्य एपिसोड. आता तुम्ही म्हणाल, मग हातात उरलं काय? तर उरलेलं सगळं. बावीस-तेवीस वर्षं डेलीसोपची पटकथा लिहून मला जे थोडंफार कळलंय ते बहुतेक चुका करून कळलंय, पण या एका बाबतीत मला शिकवलं ते एका ब्रिटिश मालिकेनं. तीच उलगडून सांगते, मग तुमच्या बोटीकडे येऊ.

मालिका ‘अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स’. लंडन वीकेंड टेलिव्हिजननं केलेली, 1971 ते 1975, पाच पर्वं, 68 भाग. कल्पना मुळात जीन मार्श आणि आयलीन अॅटकिन्स या दोन अभिनेत्रींची; त्यातल्या जीन मार्शनं रोझ या मोलकरणीचं काम स्वतः केलं. निर्माता जॉन हॉक्सवर्थ, पटकथांची सूत्रं आल्फ्रेड शॉनेसीकडे. लंडनमधलं 165, ईटन प्लेस हे घर. वरच्या मजल्यांवर बेलामी कुटुंब, तळघरात नोकरमाणसं. काळ 1903 ते 1930. जवळपास सगळं चित्रीकरण स्टुडिओत, व्हिडिओ कॅमेऱ्यांवर. म्हणजे आपल्यासारखंच: दिवाणखाना, स्वयंपाकघर, जिना, आणि बाहेरचं जग दाखवायला पैसे नाहीत. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दोन पर्वं झाल्यावर घरची मालकीण लेडी मार्जरी हिचं काम करणाऱ्या रेचल गर्नी यांना मालिका सोडायची होती. आपल्याकडे अशा वेळी काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. एक तर चेहरा बदलतो, नाहीतर पात्र ‘बाहेरगावी’ जातं, नाहीतर सोमवारच्या एपिसोडला भिंतीवर हार घातलेला फोटो दिसतो. त्या लोकांनी काय केलं पाहा. दुसरं पर्व 1910ला, सातव्या एडवर्डच्या निधनापाशी संपलं होतं. तिसरं पर्व त्यांनी 1912मध्ये उघडलं. मार्जरीची मुलगी एलिझाबेथ आधीच अमेरिकेला गेली होती, तीही ते काम करणारी अभिनेत्री मालिकेतून बाहेर पडली म्हणूनच. आई मुलीला भेटायला निघते. बोटीचं नाव टायटॅनिक.

एका एक्झिटनं दुसऱ्या एक्झिटची सोय करून ठेवली होती. वन-लाइन, म्हणजे एपिसोडचा थोडक्यात आराखडा, लिहिणाऱ्या कुणालाही याचा हेवा वाटावा.

पण मला जास्त हेवा वाटतो तो त्या भागाच्या नावाचा. टायटॅनिक ज्या भागात बुडते त्याचं नाव आहे ‘मिस फॉरेस्ट’. ही फॉरेस्ट म्हणजे एक टायपिस्ट. मार्जरीचा नवरा रिचर्ड आपल्या दिवंगत सासऱ्यांचं चरित्र लिहितोय, त्या कामासाठी ती घरात येते. मध्यमवर्गीय, कामाला चोख, वर बसवायची की खाली हे कुणालाच नीट न कळणारी बाई. भाग तिच्या येण्याचा आहे, आणि त्या येण्याच्या मधोमध बातमी येते. समुद्र नाही, हिमनग नाही, कलणारं डेक नाही. टंकलेखन यंत्राचा आवाज, हस्तलिखिताचे कागद, जेवणाच्या वेळा. मग खबर, आणि खबरीनंतरचा तो भयानक मधला काळ, ज्यात नक्की कुणालाच काही माहीत नसतं.

हा मधला काळ लेखकांनी रचलेला नव्हता, इतिहासात आयता होता. टायटॅनिक 14 एप्रिलच्या रात्री 11.40ला हिमनगावर आदळली आणि 15 एप्रिलला पहाटे 2.20ला बुडाली. त्याच सोमवारी संध्याकाळच्या काही वर्तमानपत्रांनी सगळे प्रवासी सुखरूप असल्याचं आणि बोट ओढून हॅलिफॅक्सला नेत असल्याचं छापलं. मंगळवारी खरं कळलं. कॉकस्पर स्ट्रीटवरच्या व्हाइट स्टार कंपनीच्या कचेरीबाहेर लोक यादीसाठी गर्दी करून उभे. वाचलेल्या सातशेच्या वर माणसांना घेऊन कार्पेथिया न्यूयॉर्कला लागली ती 18 तारखेला रात्री. म्हणजे तीन-चार दिवस घराघरात माणूस जिवंतही होतं आणि मेलेलंही होतं. कौटुंबिक मालिकेला यापेक्षा चांगला कच्चा माल कुठला? बुडणं अडीच-पावणेतीन तासांचं, वाट पाहणं चार दिवसांचं. मालिका वाट पाहण्याचीच करायची असते.

आता पेटीबद्दल. मार्जरीबरोबर तिची खास दासी मिस रॉबर्ट्स गेलेली असते. दोघीही गेल्या असं सगळे धरून चालतात. आणि एक दिवस रॉबर्ट्स परत येते. जिवंत. छातीशी बाईंच्या दागिन्यांची पेटी घट्ट धरलेली. ती पेटी कुणाच्या हाती द्यायला तयार नाही. डोकं ठिकाणावर नाही. आणि तळघरातली माणसं तिच्याकडे बघतात ती नुसत्या कणवेनं नव्हे. बाई गेल्या आणि ही कशी आली, हा प्रश्न हवेत राहतो.

थोडं थांबून विचार करा, की समुद्रात घडलेली सगळी गोष्ट इथे एका पेटीत कशी मावली. मालकीण आणि दासी यांचं नातं, कुणाचा जीव मोलाचा याचा समाजाचा हिशेब, वाचल्याचा अपराध, आणि यापुढे या बाईचं घरातलं स्थान काय, हे सगळं. खास दासी ही पदवी मालकिणीमुळे. मालकीणच नाही तर ती कुणाची कोण? विधवेला निदान विधवा हे नाव तरी मिळतं.

इथे लेखकांसमोर एक अडचण होती आणि ती तुमच्याही समोर येणार आहे, म्हणून जरा आकड्यांत शिरते. ब्रिटिश चौकशीतल्या हिशेबाप्रमाणे टायटॅनिकच्या पहिल्या वर्गात 144 स्त्रिया होत्या, त्यातल्या 140 वाचल्या. गेल्या फक्त चार. तिसऱ्या वर्गातल्या 165 स्त्रियांपैकी वाचल्या 76. म्हणजे लेडी मार्जरीसारख्या उमराव घरच्या बाईनं टायटॅनिकवर मरणं ही जवळपास अशक्य गोष्ट. एखाद्या आळशी लेखकानं ‘बोट बुडाली, बाई गेली’ एवढ्यावर भागवलं असतं आणि बहुतेक प्रेक्षकांना खटकलंही नसतं. पण अशी बाई जर मेली, तर ती नुसती बोट बुडाल्यानं मरत नाही. तिच्या मरणामागे तिचा स्वभाव असावा लागतो. आकडेवारी पात्राच्या विरुद्ध गेली की लेखकाला पात्राकडूनच कारण काढावं लागतं, आणि ही सक्ती उपकारक असते.

वास्तवातही अशी एक जोडी होती. न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानाचे भागीदार इसिडोर स्ट्रॉस यांची पत्नी आयडा नवऱ्याला सोडून होडीत बसेना. तिनं आपल्या दासीला, एलन बर्डला, होडीत बसवलं आणि स्वतःचा फरचा कोट तिला दिला. एलन वाचली. त्या चार बायकांत आयडा होती. कोट आणि पेटी. मोठ्या घटनेचा ऐवज नेहमी हातात मावेल एवढाच असतो, हे मी नंतर प्रत्येक ब्लूप्रिंटमध्ये लिहून ठेवायला लागले.

पुढे बघा, त्यांनी टायटॅनिक किती पिळून वापरली. मार्जरीचा भाऊ ह्यूगो आणि त्याची बायको मॅरियन हेही त्याच बोटीवर होते आणि तेही गेले. मॅरियनची आधीच्या लग्नाची मुलगी जॉर्जिना पोरकी झाली, आणि ती याच पर्वात ईटन प्लेसला राहायला येते. एक अभिनेत्री गेली तिची जागा एका तरुण पात्रानं भरली, आणि दोन्हीला कारण एकच. शिवाय मृत्युपत्रानं घर मुलाकडे, जेम्सकडे गेलं. रिचर्ड हा खासदार, प्रतिष्ठित, पण पैसा बायकोच्या माहेरचा. बायको गेली आणि बाप मुलाच्या घरात राहणारा पाहुणा झाला. रडून झाल्यावर पंधरवड्यानं घरात जे प्रश्न उभे राहतात ना, खोली कुणाची, किल्ल्या कुणाकडे, जेवणात आज काय हे कुणी सांगायचं, ते सगळे यातून निघाले. पंचवीस भाग निघतील एवढा माल.

आणि ती टायपिस्ट, हेझल फॉरेस्ट? तिचं जेम्सशी लग्न होतं. टायटॅनिकनं जी खुर्ची रिकामी केली तिच्या आसपास ती येऊन पोचते. पण त्या घरात तिला कुणी मनापासून सामावून घेत नाही, नवरासुद्धा नाही. मग महायुद्ध येतं, जेम्स जखमी होऊन परततो, ती त्याची शुश्रूषा करते. आणि 1918च्या नोव्हेंबरात, युद्ध संपल्याच्या जल्लोषाच्या दिवसांत, हेझल मरते. इन्फ्लुएंझानं.

तिचं मरण मला मार्जरीच्या मरणापेक्षा जास्त लागतं. सगळ्यांचं लक्ष खंदकातल्या तोफांकडे, दाराकडे, तारेकडे. घरातला पुरुष जगतो की मरतो याचीच चार वर्षं काळजी. आणि मृत्यू येतो मागच्या दारानं, जिची कुणी काळजीच केली नव्हती तिच्याकडे. त्या साथीला आपल्याकडे मानमोडी म्हणायचे. 1918च्या जूनमध्ये ती मुंबईच्या बंदरातून शिरली आणि देशभरात कोटीच्या घरात माणसं नेली. पण आपल्या किती मालिकांत, नाटकांत मानमोडी आलीय? प्लेग तरी कुठे कुठे दिसतो. (हे विषयांतर झालं, पण कुणी चॅनेलला पिच करणार असेल तर खुशाल करा, माझा हक्क नाही.)

तिसरी दुर्घटना पैशाची. 1929च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला, 24 तारखेचा गुरुवार आणि 29चा मंगळवार. आता लंडनमधल्या घराला त्याचं काय? जेम्स अमेरिकेत पैसे लावून बसलेला असतो. त्याचे बुडतात. इथवर कुणीही लिहिलं असतं. लेखकांची करामत अशी, की त्यानं रोझचे पैसेही तिथेच लावलेले असतात. रोझ, तीच मोलकरीण. तिचा होणारा नवरा युद्धात मेला आणि त्यानं तिच्यासाठी 1200 पौंड मागे ठेवले होते. जन्मभर दुसऱ्यांच्या खोल्या झाडणाऱ्या बाईकडे स्वतःचं म्हणावं असं एवढंच. धाकट्या मालकांनी आपुलकीनं सांगितलं, मी गुंतवतो, आणि तिनं दिले. वॉल स्ट्रीट कोसळणं म्हणजे काय, हे प्रेक्षकाला त्या 1200 पौंडांतून कळतं. शेअरचे भाव छापणाऱ्या टिकरच्या पट्ट्या, ओरडणारे दलाल यातलं काही लागत नाही. जेम्स पुढे आत्महत्या करतो. त्यामागे बाजार आहेच, पण मला विचाराल तर रोझसमोर उभं राहावं लागलं हेही आहे.

टायटॅनिकनं दासी जिवंत राहिली आणि मालकीण गेली. 1929नं मालकासकट दासीही बुडवली. दोन्ही वेळेला दुर्घटना जिन्यावरून वरखाली धावते, वरच्यांचा आणि खालच्यांचा हिशेब उघडा करते. घरात मुळात जो तडा होता नेमका त्यातच पाणी शिरतं. तुम्ही दुर्घटना कुठली निवडता यापेक्षा तुमच्या कुटुंबात तडा कुठे आहे हे आधी ठरवा. तडाच नसेल तर बोट बुडवून उपयोग नाही, चार दिवस टीआरपी वाढेल आणि पाचव्या दिवशी सगळे पुन्हा सणाच्या खरेदीला निघतील.

तुम्ही ‘डाउनटन अॅबी’चंही नाव घेतलंय. 2010ची ब्रिटिश मालिका, ज्युलियन फेलोज यांची. तिथेही टायटॅनिकच, पण काम वेगळं. पहिल्याच भागाच्या सुरुवातीला तार येते की इस्टेटीचे वारस जेम्स आणि पॅट्रिक क्रॉली बोटीबरोबर गेले. या दोघांना आपण कधी पाहिलेलंही नाही. इथे दुर्घटना म्हणजे इंजिन सुरू करायची किल्ली आहे, दुःखाचा विषय नाही. मोठी मुलगी मेरी हिचं पॅट्रिकशी लग्न ठरल्यातच जमा होतं, पण जाहीर झालं नव्हतं. मग तिला पडलेला प्रश्न काय, तर पूर्ण सुतक पाळावं लागेल का, काळे कपडे किती दिवस. मला ती जागा फार आवडते. मोठ्या बातमीपुढे माणूस किती छोटं आणि खरं बोलतो. त्याच सकाळी नोकर वर्तमानपत्रांना इस्त्री करत असतात, साहेबांच्या हाताला शाई लागू नये म्हणून. दीड हजार माणसं मेल्याची बातमी आणि तिच्यावरून फिरणारी गरम इस्त्री. एवढ्या एका कृतीत ते घर कळतं.

पुढे दुसऱ्या पर्वात त्यांनी चेहरा भाजलेला एक सैनिक आणला, जो म्हणतो मीच पॅट्रिक, मी वाचलो होतो. तिथे माझं मन उडालं. खऱ्या दुर्घटनेतले मेलेले लोक म्हणजे पटकथेची चोरवाट नव्हे. एकदा समुद्राला दिलेलं पात्र परत मागायचं नाही.

आता माझी चूक. 2005च्या 26 जुलैनंतर साधारण वर्षभरानं मी एका दैनंदिन मालिकेवर होते. चॅनेलचं नाव राहू दे. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला होता, प्रत्येक प्रेक्षकाकडे त्या रात्रीची स्वतःची गोष्ट होती, तेव्हा आपणही तो दिवस मालिकेत आणू असं ठरलं. मी उत्साहात हिरोला पाण्यात अडकवला. तीन भाग. टाकी बांधली, पंप आणले, गाडी बुडवली. टाकी कमरेइतकीच, कारण त्याहून खोल परवडेना, आणि आमच्या नायकाला पोहता येत नव्हतं. तो गुडघे वाकवून गळ्यापर्यंत पाणी असल्याचा अभिनय करत राहिला. चोवीस तासांचं शूट, दोघांना ताप, महिन्याचं बजेट साफ. आणि प्रेक्षकांनी नंतर ज्याची आठवण काढली तो प्रसंग मी वेळ भरायला म्हणून लिहिला होता: वीज गेलेली, फोन बंद, आई मेणबत्तीच्या उजेडात ताटं घेते, सवयीनं पाच घेते, मग एक परत मांडणीवर ठेवायला जाते आणि ठेवत नाही. त्या प्रसंगाला खर्च आला एका मेणबत्तीचा.

तर ‘रामदास’. तुम्ही म्हणता की ही आपली टायटॅनिक. तसं सगळेच म्हणतात, पण लिहिताना ही तुलना डोक्यातून काढा, कारण एक मोठा फरक तुम्हाला नडणार आहे. टायटॅनिकचं नाव उच्चारलं की जगातल्या कुठल्याही प्रेक्षकाच्या पोटात गोळा येतो. पात्रं आनंदात सामान बांधतात आणि आपण बाहेरून ‘जाऊ नका’ म्हणत बसतो. लेखकाला काही करावंच लागत नाही. ‘रामदास’ म्हटल्यावर आजच्या पुण्या-नागपुरातल्या तिशीतल्या प्रेक्षकाला समर्थ आठवतील. सहाशेच्या वर माणसं गेली, स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता, आणि त्या धामधुमीत ती आठवण दबली ती दबलीच. तेव्हा ही भीती तुम्हालाच आधी पेरावी लागेल.

कशी? एक सुचवते. तुमची मालिका 1960पर्यंत जाते, ती आणखी पुढून सुरू करा. चाळीतली म्हातारी अलिबागला जायला निघते. घरातले म्हणतात, भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं चल, दीड-दोन तासांत पोचशील. ती ऐकत नाही. एसटीनंच जाणार. पनवेल, पेण, वडखळ, सगळा वळसा घालून, उलट्या करत, पण एसटीनं. का, ते कुणी सांगत नाही. पहिल्या आठवड्यात एवढंच. मग 1940वर या. पुढे जेव्हा मुलगा भाऊच्या धक्क्याचं नाव काढेल तेव्हा प्रेक्षक आपोआप सावरून बसेल.

तारीख आधी पडद्यावर लिहू नका. दिवस लिहा. ती गटारी होती. गुरुवार होता. गटारीला घरी जायचं म्हणून धक्क्यावर गर्दी झालेली, परळ-लालबाग-गिरगावातले चाकरमानी. सकाळी आठच्या सुमाराला बोट सुटली, पावसाळी समुद्र, आणि काशाच्या खडकाजवळ बुडाली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती. त्यामुळे मुंबईला कळलं ते दुपार टळल्यावर, पोहत कसेबसे किनाऱ्याला लागलेल्यांच्या तोंडून. जवळपास असलेल्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत जमतील तेवढी माणसं ओढून घेतली.

यातच तुमचा खजिना आहे आणि तुमच्या वन-लाइनमध्ये तो कुठेच नाही. तुमच्या कथेत घरं दोन आहेत. गिरगावची खोली आणि गावाकडचं घर. सकाळी दहा वाजता बोट तळाशी आहे. गिरगावची बायको समजते, पोचले असतील. गावाकडची आई समजते, पावसामुळे बोट सोडली नसेल, किंवा रजा मिळाली नसेल, आला तर उद्या येईल. दोन्ही घरं निश्चिंत आहेत. ईटन प्लेसला निदान वाट पाहणं होतं. इथे वाटसुद्धा कुणी पाहत नाही. प्रेक्षकाला माहीत आहे, आणि दोन चुली पेटलेल्या आहेत. गावाकडे कोंबडं कापलंय. चाळीत नळावर भांडण चाललंय. हा अख्खा एपिसोड लिहा. सकाळी आठ ते दुपारी चार, आवाज चढवू नका, पार्श्वसंगीत नको. दिग्दर्शकाला समोर बसवून सांगा, नाहीतर तो नळावरच्या भांडणाखाली व्हायोलिन टाकेल.

बातमी कोणत्या घरात आधी पोचते आणि कुणाच्या तोंडून, हे ठरवा. माझं मत, चाळीत आधी, आणि ते घरच्या माणसाकडून नको. ज्याचं या घराशी पटत नाही अशा शेजाऱ्यानं धक्क्यावरून ऐकून यावं. त्याला हे सांगायचंय आणि त्याच्याशी घरातलं कुणी सहा महिने बोललेलं नाही. तो दारात उभा. आत बोलवायचं की नाही यातच अर्धं मिनिट जातं.

तुमची पेटी कोणती, ते मला तुमच्या मसुद्यात सापडलं नाही. मुलाच्या हातात नुसती ट्रंक दिलीत. ट्रंक काही सांगत नाही. तो कुणाचं तरी काहीतरी घेऊन निघालेला असू दे. धाकट्या भावाच्या फीचे पैसे, शेजारणीनं माहेरी पाठवलेलं लुगडं, उसना घेतलेला कोट. माणूस परत येत नाही, पण उसना कोट ज्याचा त्याला तो परत हवा असतो, आणि तो तसं म्हणू शकत नाही. तिथून तडा दिसायला लागेल.

एका बाबतीत मात्र हट्टानं सांगते. कोळ्यांनी केलेली सुटका तुमच्या नायकाच्या किंवा त्याच्या मित्राच्या नावावर करू नका. तुमच्या मसुद्यात त्याचा मित्र अकरा जणांना वाचवतो. ती माणसं खरी होती, त्यांची घरं आजही त्या किनाऱ्यावर आहेत. कल्पित पात्रानं खऱ्या दुर्घटनेत मरावं, वाचावं, घाबरावं, पण खऱ्या माणसांचं श्रेय घेऊ नये. ईटन प्लेसच्या लेखकांनीही लेडी मार्जरीला कॅप्टनशेजारी नेऊन उभं केलं नाही. खऱ्या प्रवाशांची, खलाशांची नावं वापरायचा मोहही टाळा. कुणाची तरी नात मालिका बघत असते.

आणि मित्र वाचूनच येणार असेल तर त्याला रॉबर्ट्ससारखा येऊ द्या. सत्कार नको. त्या माउलीनं त्याला विचारू द्या, तू कुठे होतास, तो कुठे होता. त्याला उत्तर येऊ नये.

शेवटचं व्यवहाराचं. चॅनेल बुडण्याचा सीन मागणार. प्रोमो त्याच्यावरच कापायचा असतो त्यांना, त्यांचंही पोट आहे. मीटिंगला जाताना दोन अंदाजपत्रकं घेऊन जा. एक टाकी, बोटीचा सांगाडा, व्हीएफएक्स, दीडशे ज्युनियर आर्टिस्ट आणि पावसाच्या मशीनचं. दुसरं दोन खोल्या, एक चूल आणि दारात उभ्या शेजाऱ्याचं. पहिलं वर ठेवा. खालचा आकडा वाचून झाला की दुसरं पुढे सरकवा, आणि तोंडातून शब्द काढू नका.